जुन्या येझदीचे कॉम्प्रेशन: इंजिन उघडण्याआधी आणि उघडल्यावर करायची तपासणी

सोलापुरात जुन्या येझदीची किक हलकी लागू लागली, म्हणजे कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) उतरल्याचा संशय आला, की गॅरेजमध्ये मिळणारे उत्तर बहुतेक वेळा ठरलेले असते: ब्लॉक (सिलिंडर) उतरवा, बोअर मारून (आतले भोक कापून मोठे करून) घ्या, नवे पिस्टन-रिंग टाका. हे उत्तर पुष्कळदा बरोबरही निघते, आणि म्हणूनच ते धोक्याचे आहे. काही वर्षांपूर्वी मी स्वतः कोणतेही माप न घेता याच वाटेने गेलो, पन्नास साइजचे, म्हणजे मूळ मापाहून ०.५० मिमी मोठे, किट टाकले, बोअरिंगचे पैसे दिले, आणि आठ दिवसांत गाडी पुन्हा पूर्वीसारखीच गरम झाल्यावर अडू लागली. दोष क्रँकच्या उजव्या बाजूच्या ऑइल सीलमध्ये होता. सील शे-दोनशे रुपयांत बदलले गेले, परंतु ब्लॉकमधून कापले गेलेले लोखंड काही परत आले नाही.

मैसूरच्या आयडियल जावा कंपनीचे उत्पादन १९९६ साली बंद झाले. त्यानंतर या गाड्यांना जे सुटे भाग मिळतात ते जुन्या साठ्यातले किंवा इतरांनी बनवलेले असतात, आणि त्यांचा दर्जा सारखा नसतो. ब्लॉकला पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर आणि शंभर अशा मोजक्याच साइज मिळतात, म्हणजे प्रत्येक बोअरिंग ही ब्लॉकच्या आयुष्याची एक पायरी असते. विनाकारण एक पायरी चढायची नसेल तर आधी बाहेरून मोजावे, कारण सापडल्यावरच इंजिन उघडावे. पुढे दिलेली पद्धत २५० सीसीच्या जुन्या जावा आणि येझदीसाठी आहे. अलीकडे त्याच नावांनी आलेल्या गाड्यांची इंजिने फोर-स्ट्रोक आणि लिक्विड-कूल्ड आहेत, त्यांना ती लागू नाही.

एका इंजिनात दोन कॉम्प्रेशन

टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनच्या वर आणि खाली अशी दोन्हीकडे दाबाची कामे चालतात, ही गोष्ट लक्षात घेतल्याशिवाय कोणत्याही तपासणीचा अर्थ लागत नाही. पिस्टन वर जाताना हेडखालचे पेट्रोल-हवेचे मिश्रण दाबले जाते आणि त्याच वेळी खाली क्रँककेसमध्ये (क्रँक असलेल्या बंद कप्प्यात) पोकळी तयार होऊन कार्ब्युरेटरमधून नवे मिश्रण आत ओढले जाते. पिस्टन खाली येताना हेच नवे मिश्रण क्रँककेसमध्ये किंचित दाबले जाते आणि ट्रान्स्फर पोर्टमधून (सिलिंडरकडे जाणाऱ्या वाटांतून) वर ढकलले जाते. वरचा दाब रिंग, बोअर, हेडचे पॅकिंग आणि प्लगचा वायसर सांभाळतात. खालचा दाब क्रँकची दोन ऑइल सील, क्रँककेसचा सांधा आणि ब्लॉकखालचे पॅकिंग सांभाळतात. प्लगच्या भोकात लावलेला दाब मोजायचा गेज केवळ वरचा दाब सांगतो, त्यामुळे गेज उत्तम आकडा दाखवत असतानाही गाडी ओढत नाही, असे या इंजिनात सहज घडते.

किक फसवते

येझदीमध्ये गियरचा दांडा आत दाबून वर फिरवला की तोच किक होतो, आणि किकचा जोर गियरबॉक्समधून क्लचमार्फत क्रँकपर्यंत पोहोचतो. क्लचच्या प्लेटी घसरत असतील, केबल अति ताणलेली असेल किंवा गियर टाकताना आपोआप क्लच उचलणाऱ्या यंत्रणेची जुळणी चुकलेली असेल, तर पिस्टन पूर्ण फिरतच नाही आणि पायाला किक पोकळ लागते. अशा वेळी कॉम्प्रेशनला दोष देणे म्हणजे पाऊस पडत नाही म्हणून छत्रीला दोष देण्यासारखे आहे.

म्हणून पहिली तपासणी पायाने न करता हाताने करावी. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून उजव्या बाजूचे कव्हर काढावे आणि डायनामोच्या मधल्या बोल्टला पाना लावून क्रँक घड्याळाच्या दिशेने, सावकाश फिरवावा. प्लग जागेवर घट्ट बसवलेला असावा आणि इग्निशन बंद असावे. पिस्टन वर येऊ लागला की पान्याला विरोध जाणवला पाहिजे, हवा भरलेला चेंडू तळहाताने दाबताना जाणवतो तसा, आणि त्या क्षणी हात सैल सोडल्यास पाना किंचित मागे उसळला पाहिजे. विरोध येतो पण पाना तिथेच धरून ठेवल्यास दोन-तीन सेकंदांत विरून जातो, तर दाब कुठेतरी गळतो आहे. विरोध चांगला टिकतो आणि तरीही किक पोकळ लागते, तर आधी क्लचकडे पाहावे.

गाडीला ओढ नसण्याचे आणखी एक कारण म्हणजे कार्बनने चोंदलेला सायलेन्सर. या गाडीच्या एकाच सिलिंडरला दोन सायलेन्सर असतात आणि एक चोंदला तरी दुसऱ्यातून आवाज येत राहतो, त्यामुळे ते पटकन ध्यानात येत नाही. गाडी चालू असताना दोन्ही टोकांपासून वीतभर अंतरावर हात धरून धुराचा झोत सारखा आहे का ते पाहावे, आणि शंका आल्यास आतली जाळीची नळी काढून स्वच्छ करावी. इग्निशनच्या पॉइंटचे अंतर सुमारे ०.४ मिमी आहे याचीही याच टप्प्यावर खात्री करून घ्यावी.

गेजचा आकडा आणि त्याचा अर्थ

गेज आट्यांचा, म्हणजे प्लगच्या जागी फिरवून बसवायचा घ्यावा. या गाडीच्या प्लगचे आटे १४ मिमीचे असतात. रबरी टोक हाताने दाबून धरायचा गेज स्वस्त मिळतो, परंतु एका पायाने किक मारताना तो दोन्ही हातांनी सारखा दाबून धरणे जमत नाही आणि प्रत्येक वेळी वेगळा आकडा येतो. गेजला लांब नळी असेल तर एकदिशी झडप नळीच्या प्लगकडच्या टोकाला आहे ना, हे विकत घेतानाच पाहावे. झडप डायलजवळ असेल तर नळीतली सगळी जागा ज्वलनकक्षात जमा होते आणि एवढ्या लहान इंजिनात आकडा बराच खाली येतो.

विजापूर रोडवर पाच-सहा किलोमीटरची फेरी मारून इंजिन गरम करावे. पेट्रोलचा कॉक बंद करून प्लग काढावा आणि त्याची टोपी हेडपासून दूर बांधून ठेवावी. त्यानंतर एका हाताने थ्रॉटल पूर्ण उघडा धरून, चोक लावलेला नसल्याची खात्री करून, सहा ते आठ दमदार किक माराव्यात. थ्रॉटल उघडा धरणे ही या कामातली सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट आहे. कार्ब्युरेटरची स्लाइड खाली असेल तर सिलिंडरमध्ये हवाच पुरेशी शिरत नाही आणि चांगले इंजिनही आजारी दिसते. आकडा स्थिर होईपर्यंत किक मारून तो लिहून घ्यावा आणि हीच कृती तीनदा करावी.

मोघम अंदाज असा की या जातीच्या जुन्या, मध्यम कॉम्प्रेशनच्या एका सिलिंडरच्या इंजिनात ११० ते १३० पीएसआय (दाबाचे एकक) आकडा आला तर वरची बाजू निरोगी समजावी. ९० ते ११० मध्ये गाडी चालते पण थकलेली असते, ९० च्या खाली सुरू करताना दमवते आणि ७० च्या आसपास ढकलूनही क्वचितच सुरू होते. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथल्या हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सुमारे ५ टक्क्यांनी कमी असतो. मुंबईतल्या मित्राच्या गाडीला १२० आले आणि आपल्याला ११४, म्हणून खंतावण्याचे कारण नाही. एका आकड्यापेक्षा त्याच गेजने, त्याच गाडीवर, दर सहा महिन्यांनी घेतलेले आकडे अधिक खरे बोलतात.

आकडा कमी आला तर तेलाची चाचणी करावी. प्लगच्या भोकातून पिचकारीने टू-टी ऑइल सोडावे, दोन-तीन किक मारून ते बोअरभर पसरू द्यावे आणि पुन्हा गेज लावावा. आकडा ठळकपणे वाढला तर गळती रिंग आणि बोअरमधून आहे, कारण तेलाने ती फट तात्पुरती बुजवली. आकडा तिथेच राहिला तर गळती हेडच्या बाजूची आहे. इथे एक सावधगिरी हवी. या इंजिनाचा बोअर ६५ मिमी आणि स्ट्रोक ७५ मिमी आहे आणि हेडखालची जागा साधारण चाळीस मिलिलिटरच्या आतबाहेर असते. तिच्यात चमचाभर, म्हणजे ५ मिली तेल ओतले की ती जागाच आठव्या हिश्शाने कमी होते आणि गळती अजिबात नसतानाही गेज वर चढतो. त्यामुळे तेल दोन-तीन मिलीच घ्यावे, आणि दहा टक्क्यांपर्यंतची वाढ हा तेलाच्या आकारमानाचा परिणाम समजून सोडून द्यावी.

हेडच्या बाजूची गळती शोधणे सोपे असते. साबणाचे दाट पाणी ब्रशने प्लगच्या बुडाशी आणि हेडच्या सांध्यावर लावून किक मारली की बुडबुडे येतात. जुन्या गळतीची खूण त्याआधीच डोळ्यांना दिसते: फिनच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या पात्यांच्या) मध्ये एकाच जागी तेलकट काळी रेघ उमटलेली असते आणि बाकीच्या फिनवर नुसती धूळ असते. प्लगचा चेपलेला वायसर हा सर्वांत स्वस्त दोष, म्हणून तो आधी बदलून पाहावा. हेडचे नट इंजिन पूर्ण गार असतानाच, समोरासमोरच्या कर्णक्रमाने, थोडे थोडे करून आवळावेत.

बीपीच्या यंत्राने क्रँककेसची परीक्षा

गेजचा आकडा चांगला आहे आणि तरीही गाडी गरम झाली की अडते, तुळजापूरच्या घाटात धापा टाकते किंवा आयडलिंग एका जागी राहत नाही, असे असेल तर संशय खालच्या दाबावर घ्यावा. दोन सीलांची लक्षणे परस्परविरुद्ध असतात. डावे सील गेले असेल तर प्रायमरी चेनच्या बाजूचे गियर ऑइल क्रँककेसमध्ये ओढले जाते, गाडी गरम झाल्यावरही पांढुरका दाट धूर थांबत नाही, प्लग ओला काळा होतो आणि गियर ऑइलची पातळी बाहेर थेंबही न सांडता उतरत जाते. उजवे सील गेले असेल तर तेलाऐवजी हवा आत जाते. मिश्रण पातळ होते, म्हणजे त्यात हवा जास्त आणि पेट्रोल कमी होते, थ्रॉटल सोडल्यावर इंजिनाचा वेग लगेच खाली येत नाही, प्लगचे टोक पांढरे पडते आणि इंजिन नको इतके तापते. हा दुसरा प्रकार अधिक घातक आहे. मे महिन्यात ४२-४३ अंशांच्या उन्हात पातळ मिश्रणावर गाडी पळवली तर पिस्टन जाम व्हायला वेळ लागत नाही, आणि मग जो दोष एका सीलचा होता तो खरोखरच बोअरचा होऊन बसतो.

याची निर्णायक चाचणी करायला घरात पडून असलेले डायलचे बीपी यंत्र पुरते. आमच्याकडे आजोबांच्या वेळचे होते. त्याचा कापडी पट्टा फाटलेला, पण फुगा आणि डायल ठणठणीत. डायलवरचे ३०० मिमी (पाऱ्याचे) म्हणजे जवळपास ५.८ पीएसआय, आणि क्रँककेसच्या तपासणीला नेमका एवढाच दाब हवा असतो. त्याहून जास्त दाब देऊ नये, कारण चांगले सीलही जागेवरून सरकण्याची भीती असते.

एक जुना प्लग घेऊन त्यातले चिनी मातीचे नळकांडे फोडून काढावे आणि उरलेल्या लोखंडी बुडात लेथवाल्याकडून पितळेची छोटी नळी झाळून घ्यावी. ही नळी बीपीच्या रबरी नळीत घट्ट बसली पाहिजे. प्लगकडचे टोक अंगठ्याने बंद करून फुगा दाबावा आणि डायलचा काटा हलत नाही, हे आधी पाहून घ्यावे. माझ्या पहिल्या प्रयत्नात गळती इंजिनात नव्हतीच. ती फुग्याच्या बुडाशी असलेल्या स्क्रूमध्ये होती, आणि ते उमगेपर्यंत अर्धी दुपार गेली.

त्यानंतर कार्ब्युरेटर काढून इनटेकच्या तोंडावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि त्यावर पत्र्याची पट्टी ठेवून बोल्ट आवळावेत. दोन्ही सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या दोन्ही तोंडांतही रबरी बुच घट्ट बसवावेत. पिस्टन पूर्ण खाली आणावा. या स्थितीत ट्रान्स्फर पोर्ट उघडे असल्याने सिलिंडर आणि क्रँककेस यांची मिळून एकच पोकळी होते आणि प्लगच्या भोकातून दिलेली हवा दोन्हीकडे पोहोचते. काटा २५० ते ३०० च्या दरम्यान नेऊन घड्याळ लावावे. मिनिटाला ५० मिमीपेक्षा कमी उतार असेल तर इंजिन घट्ट आहे. काटा डोळ्यांदेखत खाली येत असेल तर साबणाचे पाणी घेऊन क्रमाने आपण लावलेली बुचे, ब्लॉकखालचे पॅकिंग, क्रँककेसचा मधला सांधा आणि डायनामोचा रोटर व कॉइलची प्लेट काढून उजवे सील पाहावे. डावे सील कव्हरच्या आत असल्याने दिसत नाही, म्हणून गियर ऑइल भरायच्या भोकावर साबणाचा पातळ पापुद्रा धरावा. तो फुगू लागला तर हवा त्याच सीलमधून येते आहे.

ब्लॉक उतरवल्यावर

वरील चाचण्यांनी बोट रिंग-बोअरकडे दाखवले तरच ब्लॉक उतरवावा. सोलापूरच्या घरात असे काम जुन्या चादरीवर मांडून करण्याची पद्धत आहे आणि सुटे नट घरंगळून जाऊ नयेत म्हणून ती चांगलीही आहे, परंतु तीच चादर किंवा गॅरेजमधले कॉटन वेस्ट क्रँककेसच्या तोंडात मात्र कोंबू नये. सुताचा एखादा धागा बेअरिंगमध्ये अडकला तर तो शोधण्यासाठी सगळे इंजिन खोलावे लागते. अनेकदा धुऊन मऊ झालेल्या धोतराचे फडके घ्यावे, आणि पिस्टन पिनचे सर्कलिप (पिन अडवून धरणारी तारेची कडी) काढण्यापूर्वी ते तोंडावर पसरलेले आहे याची खात्री करावी. उडालेले सर्कलिप नेहमी क्रँककेसकडेच धाव घेते.

पिस्टन हातात घेऊन आधी नुसते पाहावे. रिंगखालचा भाग तपकिरी-काळा पडला असेल तर तिथून ज्वाळा खाली उतरत होत्या. रिंग खाचेत बोटाने दाबून मोकळी हलते का ते पाहावे. ती कार्बनने चिकटून बसली असेल तर कित्येकदा रॉकेल किंवा डिझेलमध्ये रात्रभर भिजवून खाच साफ करण्यानेच काम भागते. एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे असतील तर ती तापून जाम होण्याची किंवा तेल कमी पडण्याची खूण आहे. इनटेकच्या बाजूला राखाडी, मॅट पडलेला घासलेला पट्टा असेल तर धूळ आत गेली आहे, आणि आपल्याकडच्या रस्त्यांवर एअर फिल्टर फाटका ठेवून चालवलेल्या गाडीत हे हमखास दिसते.

बोअर मोजायचा डायल गेज प्रत्येकाकडे नसतो, परंतु रिंग आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) यांनीही पुष्कळ कळते. रिंग बोअरमध्ये सरळ ठेवून पिस्टनच्या माथ्याने ढकलावी, म्हणजे ती तिरकी राहत नाही, आणि दोन ठिकाणी तिच्या टोकांमधली फट मोजावी: एकदा बोअरच्या अगदी खालच्या भागात, जिथे झीज कमी असते, आणि एकदा वरच्या कडेपासून सुमारे २० मिमी खाली, जिथे ती जास्त असते. व्यास जेवढा वाढतो त्याच्या ३.१४ पट फट वाढते, म्हणून दोन फटींतल्या फरकाला ३.१४ ने भागले की झीज मिळते. माझ्या ब्लॉकची फट खाली ०.४५ मिमी आणि वर ०.९० मिमी भरली होती. फरक ०.४५, भागिले ३.१४, म्हणजे व्यासात सुमारे ०.१४ मिमी झीज. झीज ०.१० मिमीच्या आत असेल तर बोअरिंगऐवजी हलके होनिंग (बोअरचा पृष्ठभाग बारीक घासणे) करून नव्या रिंग टाकाव्यात, असे माझे मत आहे. त्यापलीकडे गेली किंवा नखाला लागणारे ओरखडे असतील तर पुढची साइज घ्यावी. नव्या रिंगची फट ०.२५ ते ०.४० मिमीच्या दरम्यान असावी.

बोअरिंगला ब्लॉक पाठवताना नवा पिस्टन सोबत द्यावा आणि पिस्टनच्या मापावर बोअर करायला सांगावे, कारण डब्यावर लिहिलेली साइज आणि आतल्या पिस्टनचे खरे माप यांत फरक निघतो. पिस्टन पिनच्या काटकोनात, खालच्या कडेजवळ मोजावा आणि लोखंडी ब्लॉकसाठी अडीच ते तीन थाऊ, म्हणजे ०.०६ ते ०.०८ मिमी मोकळीक ठेवायला सांगावी. ब्लॉक परत आला की प्रत्येक पोर्टच्या कडेवरून बोट फिरवून पाहावे. कडा धारदार लागली तर बारीक पॉलिश पेपरने ती मोडून घेतल्याशिवाय ब्लॉक चढवू नये, नाहीतर रिंग पोर्टमध्ये अडकून तुटते. हे काम बोअरिंगवाल्याचे असले तरी दर वेळी होतेच असे नाही. शेवटी कोमट पाणी आणि साबणाने बोअर घासून धुवावा आणि पांढरे फडके पुसल्यावर पांढरेच राहीपर्यंत धूत राहावे. नुसत्या पेट्रोलने होनिंगची बारीक पूड निघत नाही. पाणी टिपून लगेच तेलाचा हात द्यावा, कारण कोरडे ओतीव लोखंड थोड्याच वेळात गंज धरते.

जोडणी करताना रिंगची टोके खाचेतल्या पिनेवर बरोबर बसली आहेत आणि पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे आहे, एवढे दोनदा पाहावे. पहिले ५०० किलोमीटर पेट्रोलमध्ये लिटरला ४० मिली टू-टी ऑइल घालावे आणि सकाळी आठच्या आत अक्कलकोट रोडसारख्या सपाट रस्त्यावर, थ्रॉटल सतत एकाच जागी न ठेवता गाडी फिरवावी. घाट आणि डबलसीट या काळात टाळावे. पहिल्या फेरीनंतर, इंजिन रात्रभर गार झाल्यावर, हेडचे नट पुन्हा एकदा कर्णक्रमाने तपासावेत. ५०० किलोमीटर झाले की त्याच गेजने, थ्रॉटल पूर्ण उघडा धरून आकडा घ्यावा आणि तारीख व किलोमीटरसह वहीत लिहावा. माझ्या गाडीने त्या दिवशी ११८ दाखवले होते.